नाव तुमच्या तोंडून

"नाव मला माहीत आहे, पण तुमच्या तोंडून येऊ दे."

ओझेली दूसेत हे वाक्य पंचवीस वर्षं म्हणत आली. मतदानाच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये, लांब टेबलाच्या मधोमध बसून, समोर येईल त्याला. समोर कधी तिचा सख्खा भाऊ असे, कधी जिने तिला न्हाऊमाखू घातलं ती आत्या असे. आणि दरवेळी न चुकता तिचा नवरा बाझिल असे, तो तर चिडायचाच.

"अगं, सकाळी किसलेल्या बटाट्याचं रापूर गरम करून माझ्याच ताटात वाढलंस ना? तेव्हा नाही विचारलंस नाव!"

"तेव्हा तुम्ही मतदार नव्हतात," ओझेली म्हणे, आणि पेन्सिल यादीवर टेकवून वाट बघत बसे.

मागची रांग हसायची. "सांग रे बाझिल, नाहीतर रात्री उपाशी झोपशील!" बाझिलला नाव सांगावं लागे. मोठ्याने सांगावं लागे. मग यादीवर रेघ पडे.

टेबलाच्या पलीकडे उभा असलेला माणूस तिच्या लेखी 'तुम्ही' असे. एरवी अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढता काढता ज्याला 'काय रे गाढवा' म्हणून हाक मारी, त्यालाही. लोकांना वाटे, बाईला खुर्चीचा ताठा आहे. ताठा होताच. पण ते वाक्य ताठ्यातून आलेलं नव्हतं, आणि ते कुठून आलं हे सव्वीस वर्षं एकटी तीच जाणत होती. आता सगळे जाणतात, म्हणून लिहायला हरकत नाही.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या बेटावर त्या काळी मतदारसंघांना नावं नव्हती, नंबर होते. आमचा तिसरा. नकाशावर तो लोकरीच्या मोज्यासारखा दिसायचा. टाच समुद्रात, आणि वरचं तोंड इंग्रज शेतकऱ्यांच्या बटाट्याच्या वावरांत. टाचेच्या टोकाला आमचं, फ्रेंच बोलणाऱ्यांचं ला प्वाँत. लोक 'तिसरा' एवढंच म्हणत, आणि ते असं म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं पहिला आणि दुसरा उगाच वाटेत आले असतील. "मी तिसऱ्यातला" म्हटलं की माणूस कुठला, काय खातो, कुठल्या भाषेत पापाची कबुली देतो, सगळं कळायचं.

प्रत्येक मतदाराला दोन चिठ्ठ्या मिळत, कारण बेटाच्या विधानसभेवर दोन माणसं निवडून द्यायची असत, एक काउन्सिलर आणि एक असेंब्लीमन. दोन्ही पक्षांनी न बोलता एक रीत घालून घेतली होती. एका जागेला आमच्यातला विरुद्ध आमच्यातला, दुसऱ्या जागेला वरच्या इंग्रजांतला विरुद्ध त्यांच्यातला. म्हणजे भांडण नेहमी घरातल्या घरात. शेजाऱ्याला मत दिलं नाही म्हणून शेजारी रागावला, असं आमच्याकडे झालं नाही. सख्खे भाऊ मात्र वर्षानुवर्षं बोलले नाहीत.

माझ्या पणजोबांच्या काळात तर चिठ्ठीही नव्हती. माणूस सगळ्यांसमोर उभा राही, आपलं नाव मोठ्याने सांगे आणि मत कुणाला तेही मोठ्याने सांगे. पुढे चिठ्ठी आली, पडदा आला, मताचं तोंड बंद झालं. नाव मात्र कायद्याने तोंडीच राहिलं. नाव, राहण्याची जागा, धंदा, तिन्ही मतदाराने स्वतः सांगायची. सांगणारे सांगत, बसणारे ऐकत नसत. ऐकायचं काय त्यात? सगळे सगळ्यांना ओळखत होते.

आणि आमच्यात नाव ऐकून कळतं तरी काय? ला प्वाँतच्या दहा घरांतली सहा घरं दूसेत. पोरगा झाला की त्याच्या नावात कुठेतरी जोसेफ असतोच. तेव्हा आम्ही माणसाला त्याच्या बापाला आणि आज्याला धरून ओळखतो. दोमिनिकच्या अल्फाँसची ओझेली. मार्कच्या फिदेलचा जोसेफ. असं चार पिढ्या मागे जाता आलं तर तो माणूस इथला. नाहीतर तो पाहुणा, मग चाळीस वर्षं का राहिलेला असेना.

ओझेलीकडे पोस्ट होतं. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, लाकडी खणांचं कपाट. मुख्य भूमीवरून, अमेरिकेतून पत्रं यायची, त्यांवर नुसतं 'जोसेफ दूसेत, ला प्वाँत'. असे जोसेफ तेव्हा नऊ होते. ओझेली पाकीट हातात घेई, अक्षराचं वळण बघे, तिकिटावरचा शिक्का बघे, कधी नाकाला लावून वास घेई, आणि योग्य खणात टाकी. अमेरिकेतल्या वॉल्थॅमहून आलेलं गिचमिड अक्षर म्हणजे गॅब्रिएलच्या जोसेफच्या मेव्हणीचं. निळी शाई म्हणजे मठातली नन, म्हणजे फिदेलच्या जोसेफची बहीण. चौदा वर्षांत तिने एक पत्र चुकीच्या खणात टाकलं नव्हतं. ही तिची कमाई होती. हळू चाले, हळू बोले, पण मान अशी धरी की जणू डोक्यावर भरलेली घागर आहे.

म्हणून एकोणीसशे अडुसष्टच्या पोटनिवडणुकीला जेव्हा ला प्वाँतच्या केंद्राचा म्हातारा प्रमुख आजारी पडला, तेव्हा ती खुर्ची ओझेलीकडे आली. तिसऱ्यात त्या खुर्चीवर तोवर बाई बसलेली नव्हती. पुरुष म्हणाले, "बघू, संध्याकाळपर्यंत टिकते का." ओझेली तेव्हा अडतीसची. तिने काळा पोशाख इस्त्री केला आणि बाझिलला सांगितलं, दिवसभर हॉलमध्ये माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे नाहीत.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, लॉबस्टरच्या हंगामाचे शेवटचे दिवस. ओझेलीच्या डाव्या हाताला यादी घेऊन माझे वडील ओनेझिम बसले होते, हातात लाकडी पट्टी आणि पेन्सिल. ती नाव पुकारी, ते रेघ मारत. समोरच्या बाकावर पक्षाचा माणूस म्हणून एमिलियाँ बुओत. तेव्हा तेवीस वर्षांचा, जिभेला धार आणि डोक्याला तेल.

यादीत आमच्या रस्त्यावर दोन जोसेफ दूसेत होते. एकापुढे लिहिलं होतं 'मच्छीमार', तो फिदेलचा. दुसऱ्यापुढे 'शेतकरी', तो गॅब्रिएलचा. बापाचं नाव लिहायला यादीत रकानाच नव्हता. यादी राजधानीत टाइप होत असे, आणि तिथल्यांना बापाची गरज वाटत नसे.

दहाच्या सुमाराला गॅब्रिएलचा जोसेफ आला. शेतकरीच तो, पण त्या साली बटाट्यावर करपा पडला म्हणून हंगामापुरता मेव्हण्याच्या बोटीवर जात होता. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगाला आमिषाच्या मासळीचा वास. दारातूनच ओरडला, "ओझेली, लवकर दे गं बाई चिठ्ठी, बोट धक्क्याला सोडून आलोय!"

नियमाप्रमाणे तिने विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तो छाती पुढे काढून म्हणाला असता, 'शेतकरी, आणखी काय?' कारण उधारीच्या बोटीवर चार आठवडे काढले म्हणून कुणी आपली जमीन विसरत नाही. पण ओझेलीने विचारलं नाही. तिला कशाला विचारायला हवं? तिने बूट बघितले, वास घेतला, जसा पाकिटाचा घेई तसा, आणि वडिलांना म्हणाली, "जोसेफ दूसेत, मच्छीमार."

वडिलांनी पट्टी ठेवली आणि रेघ मारली. यादीकडे बघत होते, माणसाकडे नाही.

संध्याकाळी पाचला, पिंजरे किनाऱ्यावर लावून, हातपाय धुऊन, रविवारचा कोट घालून फिदेलचा जोसेफ आला. कमी बोलणारा, चर्चमधली मिस्सा न चुकवणारा. टोपी काढून त्याने स्वतःहून, नीट, कायद्यात आहे तसं सांगितलं, "जोसेफ दूसेत. धक्क्याचा रस्ता. मच्छीमार."

वडिलांची पट्टी थांबली. "यावर रेघ आहे."

एमिलियाँ बाकावरून उठला. "म्हणजे मत पडलंय. काय जोसेफ, एकाने पोट भरलं नाही का?"

दोघेतिघे हसले. जोसेफ हसला नाही. म्हणाला, "मी आत्ता येतोय. दिवसभर पाण्यावर होतो."

"रेघ काय आपोआप पडते?"

कायद्यात वाट होती. बायबलवर हात ठेवून 'मी मत दिलेलं नाही' अशी शपथ घ्यायची आणि चिठ्ठी घ्यायची. ओझेलीने बायबल पुढे सरकवलं. तिलाही तेव्हा काही उमगलं नव्हतं, तिला वाटलं काहीतरी घोटाळा आहे, शपथेने सुटेल.

जोसेफने बायबलाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "ओझेली, आपण एका बाकावर बसून अक्षरं गिरवली. मी माझं नाव सांगितलं. त्याच्यावर आणखी शपथ लागते का?"

"नियम आहे," ती म्हणाली.

त्याने टोपी घातली आणि गेला. आमच्यात शपथ ही चोराला घालतात.

सहाला दार बंद झालं. पेटी उघडायच्या आधी यादीवर किती रेघा आहेत ते मोजायचं असतं. वडील मोजत होते, ओझेली वरून बघत होती. तेव्हा तिला दिसलं. 'दूसेत, जोसेफ, शेतकरी.' कोरी ओळ. आणि गॅब्रिएलचा जोसेफ तर सकाळी तिच्या डोळ्यांदेखत चिठ्ठी टाकून बोटीकडे पळाला होता.

तिला तिथेच कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. एमिलियाँ अजून बाकावर होता, जोसेफचं घर हाकेच्या अंतरावर होतं. चिठ्ठी आता मिळाली नसती, पण नाव त्याच संध्याकाळी धुऊन निघालं असतं. ओझेलीने वाक्य गिळलं. पहिलाच दिवस, पहिलीच बाई, आणि चौदा वर्षांत एक पत्र चुकीच्या खणात न टाकणारी. तिने चिठ्ठ्या मोजल्या, पाकिटावर लाख लावली. निकाल चार मतांनी लागला. एका मताने काही बदललं नसतं, असं तिने स्वतःला समजावलं. जागेचं काही बदललं नसतं, हे खरंच होतं.

दुसऱ्याच दिवशी धक्क्यावर एमिलियाँने हाक मारली, "काय रे दोनदा, लॉबस्टर किती?" आणि ते नाव चिकटलं.

आमच्याकडे टोपणनाव निघतं आणि जातं. पण एखादं बापाच्या नावाच्या जागी जाऊन बसतं, मग ते हलत नाही. दोन वर्षांत 'फिदेलचा जोसेफ' कुणी म्हणेना. तो 'दोनदा' झाला. त्याच्या बोटीला 'दोनदाची बोट'. मुलगा अलिर, तो 'दोनदाचा अलिर'. फिदेल बिचारा साखळीतून गळून पडला, जणू जन्मालाच आला नव्हता. गॅब्रिएलचा जोसेफ पुढच्या वसंतात वॉल्थॅमला लेकीकडे गेला आणि तिकडेच वारला. खरं सांगू शकणारं दुसरं तोंड उरलं नाही.

त्यानंतर आठ निवडणुका झाल्या. आठही वेळा ओझेली खुर्चीवर होती, आणि पहिल्याच मतदारापासून ते वाक्य सुरू झालं, 'नाव मला माहीत आहे, पण तुमच्या तोंडून येऊ दे.' आठही वेळा धक्क्याच्या रस्त्यावरच्या त्या एका ओळीवर रेघ पडली नाही. जोसेफ मतदानाला परत आला नाही. पोस्टात यायचा, बहिणीचं निळ्या शाईचं पत्र घ्यायचा, टोपीला हात लावायचा, जायचा. ओझेली त्याला खिडकीतून बघायची. त्या दिवसाच्या यादीची, रेघांसकट उठलेली कार्बन प्रत तिने शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवली होती. का ठेवली हे तिला विचारलं तर म्हणाली, "जाळायला घेतली होती. जळली नाही." म्हणजे जाळली नाही.

त्र्याण्णवच्या निवडणुकीनंतर बातमी आली. एका मतदारसंघातून दोन माणसं निवडायची रीत बंद. सगळ्या बेटाच्या रेषा नव्याने आखणार. तिसरा जाणार. टाच एकीकडे, मोज्याचं तोंड दुसरीकडे, आणि आम्हाला ज्याच्यात घालणार त्याला दोन दूरच्या गावांची नावं मधे रेघ मारून जोडून दिली होती. त्यांत आमचं गाव नव्हतं. आयोग गावोगाव जाऊन लोकांचं म्हणणं ऐकणार होता. ला प्वाँतची तारीख लागली चौऱ्याण्णवच्या एप्रिलमध्ये.

एमिलियाँ आता पन्नाशीला टेकला होता, पक्षाचा अध्यक्ष, डोक्याचं तेल गेलं होतं, जीभ तशीच. तो ओझेलीकडे आला. "मावशी नाही म्हणत तुला, रागावशील. पण तिसऱ्याचा इतिहास तुझ्याइतका कुणाला माहीत नाही. आयोगापुढे तूच बोल. असं बोल की रेष ओढताना त्यांचा हात अडला पाहिजे."

ओझेली तयार झाली. जुने निकाल काढले, म्हाताऱ्यांना विचारून आली, वहीत लिहायला लागली.

मार्चच्या शेवटी एक परकी तरुण बाई पार्सल घ्यायला पोस्टात आली. गोड होती, मुख्य भूमीवरची. ओझेलीने विचारलं, "कुणाच्या तुम्ही?"

"दोनदाच्या घरची नातसून," ती आनंदाने म्हणाली. इथली साखळी म्हणता आली याचाच तिला आनंद. "मावशी, एक विचारू? दोनदा का हो म्हणतात आम्हाला? घरात जुळी व्हायची का? कारण मला आता तिसरा महिना आहे, बाई."

ओझेली म्हणाली, "इथे सही करा."

ती गेल्यावर ओझेलीने पोस्ट दुपारीच बंद केलं. चाळीस वर्षांत नव्हतं केलेलं. मशीनचा खण उघडला आणि तशीच एमिलियाँच्या घरी गेली. तो आयोगाच्या लोकांसाठी कोंबडीच्या रश्श्याला किती कोंबड्या लागतील याचा हिशेब बायकोबरोबर करत होता. तिने कार्बन प्रत टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, बुटांपासून कोऱ्या ओळीपर्यंत.

एमिलियाँने कोऱ्या ओळीवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाला, "बरं. जोसेफच्या घरी जा. दार लावून सांग. माफी माग. मीही येतो, नाव मीच पाडलं होतं."

"दार लावून?"

"मग काय आयोगापुढे? ओझेली, वेडी झालीस का? ते लोक हेच शोधताहेत की लहान मतदारसंघ चालवता येत नाहीत, सगळे एकमेकांचे भाऊबंद. आणि तू त्यांना सांगणार की आम्ही माणसाचा वास घेऊन मत लिहितो?"

"नाव हॉलमध्ये गेलं, एमिलियाँ. बंद दाराआड परत कसं येईल? तिथे बाई बसते टाइप करायला. आयोगाच्या कागदावर लिहिलं गेलं तर ते राहील. तिसरा गेल्यावर मी कुणापुढे सांगू? कुठल्या टेबलावर?"

"तुला परत कुणी टेबलावर बसवणार नाही, एवढं लक्षात ठेव."

"ते ठेवलं," ओझेली म्हणाली आणि कागद घडी करून पोलक्यात घातला.

मी हॉलमध्ये होतो. बर्फ वितळून सगळीकडे लाल चिखल, बायकांनी दारात गोणपाटं टाकलेली. आत दोनशे माणसं, रश्श्याचा वास, ओले कोट. आयोगाचे तिघे पुढे बसले होते. एक बाई टाइप करत होती. फिदेलचा जोसेफ सगळ्यात मागे, दाराशी, भिंतीला टेकून उभा होता. हॉलमध्ये तो नेहमी दाराशीच उभा राही.

ओझेली उभी राहिली. काळाच पोशाख. वही उघडून तिने तिसऱ्याचा इतिहास सांगितला, अर्धा तास, सावकाश. मोठ्याने मत सांगायचे दिवस, बर्फातून घसरगाडीवर आणलेली पेटी, चिठ्ठी आली तेव्हा म्हातारे कसे चिडले होते की आम्ही काय चोर आहोत म्हणून पडद्याआड जायचं. माणसं मान डोलवत होती. एमिलियाँला वाटलं, बाईने विचार बदलला. त्याने माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला.

मग तिने वही मिटली.

"एक राहिलं," ती म्हणाली. "अडुसष्टच्या ऑक्टोबरात याच हॉलमध्ये गॅब्रिएलच्या जोसेफला मी नाव विचारलं नाही, धंदा विचारला नाही. मला वाटलं मला माहीत आहे. रेघ दुसऱ्याच ओळीवर पडली. ओनेझिमने मारली, पण मी सांगितली म्हणून मारली. संध्याकाळी फिदेलचा जोसेफ आला. त्याने मत दिलेलं नव्हतं. दोनदा तर नाहीच, एकदाही नाही. मला ते त्याच दिवशी सहा वाजता कळलं आणि मी गप्प बसले. हा त्या दिवसाचा कागद. शेतकरी जोसेफची ओळ कोरी आहे, बघा."

हॉलमध्ये कुणीतरी चमचा खाली ठेवला. दोनशे माना मागे वळल्या. माझे वडील जिवंत असते तर उठून भांडले असते, की पट्टी माझ्या हातात होती. ते नव्हते.

आयोगाच्या मधल्या साहेबांना काय करावं कळेना. "बाई, हे आपल्या विषयात..."

"विषयातच आहे," ओझेली म्हणाली. "इतिहास मागितलात ना?" आणि तिने मागे बघून आवाज चढवला, पोस्टातला नव्हे, टेबलावरचा. "नाव मला माहीत आहे. पण तुमच्या तोंडून येऊ दे. लिहून घेणारी बाई इथे आहे."

जोसेफ भिंतीपासून सुटला. टोपी काढली. सव्वीस वर्षांत त्याने त्या हॉलमध्ये तोंड उघडलं नव्हतं. एमिलियाँ खाली बघत होता.

"एकदाच सांगतो," जोसेफ म्हणाला. "दोनदा नाही सांगणार."

आधी कुणाला कळलंच नाही. मग बायकांच्या बाजूने कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळा हॉल असा हसला की आयोगाचे तिघे दचकले. अलिर डोळे पुसत हसत होता. हसू ओसरेपर्यंत जोसेफ थांबला. मग म्हणाला, "जोसेफ दूसेत. मार्कच्या फिदेलचा. धक्क्याचा रस्ता. मच्छीमार."

टाइप करणारीने विचारलं, "फिदेल कसं लिहायचं?" आणि ओझेलीने तिला एकेक अक्षर सांगितलं.

त्याने टोपी घातली. ओझेलीने त्याच्याकडून माफीचा शब्द मागितला नाही. तो दार उघडून बाहेर गेला.

तिसरा गेला. तो जाणारच होता, रेषा राजधानीत आधीच आखून झाल्या होत्या, हे आता सगळे मान्य करतात. तेव्हा मात्र म्हणणारे म्हणाले की ओझेलीच्या तोंडाने तिसरा गेला. तिचा भाऊ तिच्याशी वर्षभर बोलला नाही. आणि नव्या मतदारसंघाने तिला टेबलावर बोलावलं नाही. एमिलियाँ धक्क्यावर जाऊन जोसेफशी काय बोलला ते त्या दोघांनाच माहीत, पण त्यानंतर कुणी सवयीने 'दोनदा' म्हणालं की पहिला तोच डाफरायचा, "कोण? नीट नाव घे." नातसुनेला मुलगा झाला. नावात जोसेफ आहेच, पण हाक फिदेल म्हणून मारतात.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात नव्या रेषांवरची पहिली निवडणूक झाली. आमचं केंद्र अकरा मैलांवर, दुसऱ्यांच्या गावात, आगीच्या बंबाच्या हॉलमध्ये. चिठ्ठी एकच. बाझिल ट्रक तिथल्या चर्चपाशी लावून आधीच मत टाकून आला होता आणि इंजिन चालू ठेवून बसला होता. रांगेत ओझेली होती, तिच्यामागे चार माणसं सोडून मी, माझ्यामागे अलिर, आणि अलिरच्या मागे, अडुसष्टनंतर पहिल्यांदाच, रविवारच्या कोटात फिदेलचा जोसेफ.

टेबलावरच्या मुलीने ओझेलीच्या हातातलं कार्ड घेतलं आणि यादीवर रेघ मारली.

"नाव विचारलं नाहीस, बाळ."

"कार्डावर आहे ना, आजी."

"कार्डाला तोंड नाही. विचार."

मुलीने बाजूच्या माणसाकडे बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "विचार गं पोरी, नाहीतर आम्ही इथेच नाताळ करू." मुलीने विचारलं. ओझेलीने सांगितलं, "ओझेली दूसेत. दोमिनिकच्या अल्फाँसची. पोस्ट." चिठ्ठी घेतली, पडद्याआड गेली, पेटीत टाकली, हातमोजे घातले. रांगेच्या कडेने जाताना तिने कुणाकडे बघितलं नाही. दार ढकलून ती चर्चच्या दिशेने चालू लागली, नांगरलेल्या लाल वावराच्या बांधाने, मान तशीच.

माझं झालं, अलिरचं झालं. मुलगी म्हणाली, "पुढचे आजोबा, तुमचं नाव?"

जोसेफ टोपी हातात घेऊन टेबलाशी उभा होता, पण खिडकीतून बांधावरच्या ओझेलीकडे बघत होता.

"आजोबा, नाव?"

"सांगतो," तो म्हणाला. "ती अजून ट्रकपर्यंत पोचली नाही."